फोनच्या जरा वर

हर्षदने लॅपटॉप कापड बेतायच्या टेबलावर ठेवला, गाऊनचे गठ्ठे बाजूला सारले आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही समोर बसा. सगळ्यांत आधी तुम्हीच बघायचं."

मी बसलो. माझी मुलगी वैजयंता खुर्चीमागं उभी राहिली. शिलाईच्या दोघी बायका मशीन थांबवून आल्या. माझी बायको मालन जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाचं जेवण नुकतंच झालं होतं, आणि त्या वर्षभरात तिचा आवाज घरात कुणी लावला नव्हता.

पडद्यावर मालन आली. तिनं नेहमीसारखा साडीवरच गाऊन चढवला होता, निळ्या फुलांचा. काखेतली शिवण दोन्ही हातांनी धरून तिनं ओढली आणि म्हणाली, "बायांनो, उसवतीया का बघा. उसवली तर गाऊन बी तुमचा आणि मी बी तुमची, भांडी घासायला येते."

शिलाईवाली सुमन हसली आणि हसता हसताच रडायला लागली. वैजूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आण्णा, बघा की. आई अगदी समोर बघतीया."

बघत होती. मी मान जरा डावीकडं केली. ती माझ्याकडंच बघत होती. उजवीकडं केली, तरी बघत होती. मी खुर्ची मागं सरकवली.

"ही कोण?" मी विचारलं.

"आण्णा, असं काय करताय? आई हाय."

हर्षदला वाटलं, म्हातारा गहिवरला. तो कोल्हापूरचा. तिथं छोट्या धंदेवाल्यांची पेजं चालवायची, जाहिराती बनवायच्या, लोकांना उत्तरं द्यायची, असं त्याचं ऑफिस होतं. पोरगा चांगला होता, कधी आवाज चढवला नाही. त्यानं मला समजावून सांगितलं. मालनताई मोबाइलवरून गिऱ्हाइकांना गाऊन दाखवायच्या, त्या लाइव्हमध्ये दोन दोष होते. एक म्हणजे त्या कधीच कॅमेऱ्यात बघायच्या नाहीत, फोनच्या जरा वर बघायच्या. गिऱ्हाइकाला वाटतं, ही बाई आपल्याशी बोलत नाही. दुसरं म्हणजे बोलता बोलता मधेच गप्प व्हायच्या. आता अशी साधनं निघाली आहेत की डोळे आपोआप सरळ होतात आणि गप्प असण्याच्या जागा आपोआप कापल्या जातात. अर्ध्या तासाचं दहा मिनिटांत येतं.

"एक शांत जागा मात्र मी मुद्दाम ठेवलीय," तो म्हणाला आणि त्यानं व्हिडिओ शेवटाकडं नेला.

मालननं हात जोडले, "येते बायांनो" म्हणाली, आणि मग तिचे ओठ हलले. आवाज नव्हता. दोनतीन शब्दांपुरते हलले आणि व्हिडिओ संपला.

"प्रत्येक लाइव्हच्या शेवटी आहे हे," हर्षद म्हणाला. "लोक तेव्हाही कमेंटमध्ये विचारायचे. ह्याच्यावर आपण स्पर्धा ठेवू. मालनताई शेवटी काय म्हणायच्या? ओळखा आणि गाऊन जिंका. जुने लोक परत येतील, नवे येतील. जाहिरातीवर खर्च न करता पेज परत उभं राहील."

वैजू माझ्याकडं वळली. "आण्णा, तुम्ही फोन धरायचा. तुमच्या समोरच म्हणायची. काय म्हणायची?"

"माझं लक्ष नसायचं," मी म्हणालो.

ते खरं नव्हतं.

आमचं सगळं आयुष्य इचलकरंजीत गेलं. मी यंत्रमागावर, मालन त्याच कारखान्यात कांडीवाली. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसते, ती भरायचं तिचं काम. माग सुरू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात कुणी ओरडत नाही. सगळे ओठांनी बोलतात. आवाज न काढता तोंड हलवायचं, समोरच्यानं बघायचं. हाताच्या खुणा असतात थोड्या, मालक आला की मिशीला हात, सूत तुटलं की दोन बोटं. बाकी सगळं ओठांवर. तोंडात तंबाखू धरणाऱ्याशी बोलणं अवघड, बायका त्यांची टिंगल करायच्या. लग्नाआधी मी आणि मालन खूप बोललो होतो, पण तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो बोलणी करायला तिच्या मामाच्या घरी गेलो तेव्हा. मला वाटलं होतं त्यापेक्षा जाड होता.

घरातही ती सवय राहिली. आई पलीकडं झोपलेली असायची, पोरगी अभ्यासाला बसलेली असायची. काय बोलायचं ते आम्ही असंच बोलायचो. वैजूला आम्ही कारखान्याची पायरी चढू दिली नाही, त्यामुळं तिला हे कधी कळलं नाही. मोठी झाल्यावर एकदा म्हणाली होती, "तुम्ही दोघं भांडत न्हाई ते बरं हाय, पण बोलत बी न्हाईसा." मालन तेव्हा माझ्याकडं बघून ओठांनी काहीतरी म्हणाली होती. काय ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला ठसका लागला.

लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले. वैजूचं नवऱ्याशी पटलं नव्हतं, ती आधीच माहेरी आली होती. तिनं सुती गाऊन शिवून विकायचं काढलं आणि मोबाइलवर पेज उघडलं, 'मालनताईंचे गाऊन'. आईनं उभं राहून दाखवायचं, पोरीनं फोन धरायचा. पहिल्या लाइव्हला मालनच्या तोंडातून शब्द फुटला नाही. गाऊन हातात घेऊन नुसती उभी. वैजू चिडली. मालन म्हणाली, "त्या काळ्या टिकलीशी काय बोलू? तुझ्या बाला धरू दे."

मी फोन धरला. मी कमेंट वाचायचो आणि ओठांनी तिला सांगायचो. कराडची बाई खिसा आहे का विचारतीय. बार्शीची रंग जाईल का म्हणतीय. मालन माझ्या तोंडाकडं बघायची, म्हणजे फोनच्या जरा वर, आणि उत्तर द्यायची. मधेच गप्प होऊन मला काहीतरी म्हणायची. भात उतरवलासा का. त्या सुमनला सांगा पंखा बंद करायला. ह्या बार्शीवालीनं मागच्या वेळी बी हेच विचारलं, घेणार काय न्हाई. मला हसू आवरायचं नाही, पण फोन हलू द्यायचा नाही. मागावर उभं राहून माझा हात स्थिर झालेला होता. लोक लिहायचे, स्टँडवर ठेवलाय का फोन. मालनला याचा फार अभिमान होता.

मधेच ती मला खालचा गठ्ठा काढायला लावायची. तेवढ्यापुरता मी फोन बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला टेकवायचो, खाली वाकायचो, रंग शोधून द्यायचो. आणि प्रत्येक लाइव्हला एक कमेंट ठरलेली असायची, 'अक्का आजी बघतीय', पुढं हात जोडल्याचं चित्र. अक्काताई हावळ आमच्याच कारखान्यातली, मालनच्या शेजारच्या कांडी मशीनवरची. वयानं मोठी. ती मुलाकडं हडपसरला गेली होती. मागांनी तिचे कान पार गेले होते आणि लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं फोनचा तिला उपयोग नव्हता. नात तिला लाइव्ह लावून द्यायची, ती कमेंटही नातच टाकायची. ती कमेंट आली की मी मालनला सांगायचो, अक्का आली. ती मान हलवायची.

मग एका सकाळी मालन मोरीत पडली. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पोटातली गाठ सांगितली आणि आता फार पुढं गेलंय म्हणाले. मग विचारलं, "आधी कुठं दाखवलं नव्हतं का?" मी म्हणालो, न्हाई. "त्यांना कल्पना असणार," ते म्हणाले. "एवढं दुखणं लपत नाही." त्यानंतर मालन फार दिवस राहिली नाही आणि औषधांच्या गुंगीत तिला विचारता आलं नाही. वर्षभर मी त्या एका वाक्याशी बसून होतो. तिला माहीत होतं का? माहीत असेल तर मला का सांगितलं नाही? मला तर ती पंखा बंद करायचंसुद्धा सांगायची.

असं सगळं असताना हर्षदचे व्हिडिओ सुरू झाले.

स्पर्धा चांगलीच चालली. मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. माणसं लिहीत होती: राम कृष्ण हरी म्हणते. श्री स्वामी समर्थ म्हणते. परत या म्हणते. कुणी लिहिलं, नवऱ्याला शिव्या देते, आणि खाली शंभर जणांनी हसण्याची चित्रं टाकली. नव्या लोकांना ती गेली हे ठाऊक नव्हतं. ते तिलाच विचारायचे, ताई, जांभळ्यात आहे का? आणि पेजवरून हर्षदचं ऑफिस उत्तर द्यायचं, हो ताई, आहे. ऑर्डरी परत यायला लागल्या. बंद ठेवलेलं तिसरं मशीन वैजूनं पुसून सुरू केलं. वर्षभरात पहिल्यांदा ती कामाच्या नादात गुणगुणताना ऐकली.

आणि मी घरात बसेनासा झालो. टेबलावर वैजूचा फोन दिवसभर लागलेला. दारातून आत आलो की मालन माझ्याकडं बघायची. पाणी प्यायला गेलो, तरी बघायची. सुमनकडंही तसंच बघायची, दारावर आलेल्या कुरिअरवाल्याकडंही. आता ती एकसारखी बोलत होती, कुठंही थांबत नव्हती. मी एकदा कुणी नसताना समोर बसलो. खाली कमेंट येत होत्या. सवयीनं मी ओठांनी तिला सांगितलं, गडहिंग्लजची बाई लांबी विचारतीय. ती बोलत राहिली. माझ्याकडं बघून दुसऱ्याच कुणाला तरी लेस दाखवत राहिली.

मी हर्षदला फोन केला. म्हणालो, "आधीचे हवेत. डोळे न बदललेले."

"काका, जुने पेजवरून काढले. एकच व्हिडिओ दोनदा दिसला की लोकांपर्यंत कमी पोचतो."

"तुझ्याकडं असतील."

"माझ्या मशीनवर होते. पण नवे तयार झाल्यावर काढून टाकले, जागा होत नव्हती. मला वाटलं, हेच चांगले झालेत. चुकलं का काही?"

"न्हाई," म्हणालो.

वैजूला सांगून बघितलं. ती शिवत होती, तिनं मशीन थांबवलं नाही. "आण्णा, मला काय हौस हाय का? पण तिच्या डोळ्यांवर तीन घरं चाललीत. मी उभी राहिले तर कोण बघणार हाय? आणि स्पर्धेचा निकाल द्यायचाय. तुम्हाला आठवत नसलं तर मी राम कृष्ण हरी सांगून मोकळी होते."

"थांब जरा," मी म्हणालो.

त्या आठवड्यात एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि अक्काताई उतरली. नातीचा हात धरून आली. केस पूर्ण पांढरे, अंगानं अर्धी झालेली. मालनच्या दिवसांना तिला येता आलं नव्हतं, म्हणून आली असेल असं मला वाटलं. वैजूनं चहा टाकला, नातीला शिवणकाम दाखवायला आत नेलं. अक्का टेबलाशी बसली, पडद्यावर मालन होती. अक्कानं त्याच्याकडं बोट केलं आणि माझ्याकडं तोंड करून आवाज न काढता म्हणाली,

"हिचं डोळं कुणी बदललं?"

वर्षभरानं माझ्याशी असं कुणी बोललं होतं.

"मशीननं," मी तसंच म्हणालो. "लोकांकडं बघायला लावलंय."

"पोरगी म्हणाली लोकं बक्षीस लावून ओळखायलीत. काय म्हणते ते."

"व्हय."

"हात दुखला का म्हणते. तुला. आंधळ्याला दिसंल." अक्का चहा फुंकत होती, पण डोळे माझ्यावर. "मी सगळं बघत हुते गणपा. भात उतरवा म्हणायची, पंखा बंद करा म्हणायची. घरात बसून मला वाटायचं कारखान्यातच हाय."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. इतकी वर्षं ते आमच्या दोघांचं आहे असं मी धरून चाललो होतो.

"वर बघायची तवा तुझ्याशी बोलायची," अक्का म्हणाली. "समोर बघायची तवा माझ्याशी."

"समोर कधी बघत नव्हती ती."

"तू वाकलास की बघायची."

आत मशीन चालू होतं, वैजू नातीला काहीतरी सांगत होती. तिनं एकदा दारातून डोकावून बघितलं. तिला दोन म्हातारी माणसं चहाचा कप घेऊन गप्प बसलेली दिसली असतील.

"काय बोलायची?" मी विचारलं.

"आधी म्हणाली पोटात दुखतंय. पुढल्या खेपंला म्हणाली मिरजंला जाऊन आले."

लेस आणायला जायची ती मिरजेला. एकटी. मी सोडतो म्हटलं की म्हणायची, तुमचं काय काम लेसमध्ये. आणि खरंच लेस घेऊन यायची.

"मग गाठ हाय म्हणाली. डॉक्टर कापू म्हणतोय, पर कापून बी फार उपेग न्हाई म्हणतोय. मी नगं म्हणून आले म्हणाली. एका टायमाला एवढंच बोलायची, दोन बोल. तू गठ्ठा काढून उठलास की परत वर बघायची, गाऊन दाखवायची."

"तू काय म्हणालीस?"

अक्कानं कप खाली ठेवला. "मी काय म्हणणार, ती कुठं मला बघत हुती? मी आपली फोनपुढं तोंड हलवायची. गणपाला सांग म्हणायची, मी येते म्हणायची. पोरं हसायची, आजी फोनशी बोलतीय म्हणून. पोरीला लिव म्हणावं तर ते समद्यांनी वाचलं असतं. आणि ती नगं म्हणाली हुती."

"काय नगं म्हणाली?"

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं मालनसारखा चेहरा केला. कारखान्यात दुसऱ्याचं बोलणं सांगताना असंच करायचे, त्याचं तोंड करून दाखवायचे. क्षणभर ती मालनच दिसली. ओठ हलले:

"त्येंस्नी सांगू नगंस अक्का. फोन धरायचा हात हलंल त्येंचा. पोरीचं बस्तान बसू दे."

मी टेबलावरच्या मालनकडं बघितलं. वर्षभर जे विचारत होतो त्याचं उत्तर मिळालं होतं. मग दुसरं काहीतरी सुचलं आणि मी वैजूचा फोन जवळ ओढला. ते दोन बोल मला बघायचे होते. तिला ते म्हणताना बघायचं होतं. पण गप्प असण्याच्या सगळ्या जागा कापलेल्या होत्या. आणि अक्काला सांगून झाल्यावर तशीच समोर बघत ती गाऊनविषयी काही बोलली असेल, तर तेही आता ओळखू येणार नव्हतं. कुठं माझ्याकडं बघत होती, कुठं अक्काकडं, काही कळायला मार्ग नव्हता. आता ती सगळीकडं समोरच बघत होती.

"गणपा," अक्का म्हणाली, "किती वेळा बोलली ते मलाबी ध्यानात न्हाई. लई वेळा न्हाई. बाकी सगळं तुझंच हुतं."

जाताना तिनं वैजूच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या वरच्या आवाजात म्हणाली, "आईवानी उभी ऱ्हा गं." वैजूनं नंतर मला विचारलं, अक्का एवढा वेळ बसून काय म्हणाल्या? मी म्हणालो, आईची आठवण काढत होत्या.

संध्याकाळी मी वैजूला म्हणालो, "उद्या लाइव्ह करू. तू उभी ऱ्हा, मी फोन धरतो. निकाल लाइव्हवर सांगू."

"मला न्हाई जमत आण्णा. आईची सर येणार हाय का मला?"

"तिला बी जमत नव्हतं."

"आणि तिचे व्हिडिओ?"

"ते बंद करायचे. तू हर्षदला सांग, न्हाईतर मी सांगतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग टेबलावरचा फोन उचलून आईचा व्हिडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजूनं साडीवर गाऊन चढवला. मी फोन उचलला. माणसं यायला लागली, पुष्कळ आली, निकाल होता ना. वैजू गाऊनचं बटण धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. अगदी आईसारखी. खाली कमेंट धावत होत्या. मालनताई कुठं आहेत? ही कोण? निकाल सांगा.

मी ओठ हलवले. वैजू बघत होती, पण तिला ते वाचता येत नव्हतं. तेव्हा मी मोठ्यानं बोललो. इतक्या वर्षांत त्या पेजवर माझा आवाज कधी आला नव्हता.

"वैजू, पंढरपूरच्या ताई विचारतायत आई कुठं हाय. सांग त्यांना."

वैजू माझ्याकडं बघून म्हणाली, "आई गेली, ताई. वर्ष झालं. तुम्ही बघताय ते जुनं होतं." एवढं बोलली आणि मग तिचं तोंड उघडलं. आईनं शिवण कशी शिकवली ते सांगितलं. गाऊन ओढून दाखवला. मी कमेंट वाचत गेलो, ती उत्तरं देत गेली. काही जणांनी रागानं लिहिलं, मेलेल्या बाईच्या नावावर माल विकता, लाज वाटत नाही का. मी तेही वाचलं. वैजू म्हणाली, "वाटते ताई. म्हणून आज सांगतोय."

मग कुणीतरी लिहिलं, फोन कोण धरलंय? आणि पुढं, शेवटी काय म्हणायच्या ते तरी सांगा.

वैजू माझ्याकडं बघत राहिली. तिलाही ऐकायचं होतं.

"मी तिचा नवरा," मी म्हणालो. "फोन मी धरायचो. लाइव्ह झालं की ती मला विचारायची, हात दुखला का. तेवढंच. कुणालाच ओळखता आलं न्हाई."

वैजूचा चेहरा मला नीट दिसेना. पडद्यावर ती वर-खाली होत होती. मला वाटलं डोळ्यांत पाणी आलं असेल, पण ते नव्हतं. दुसऱ्या हातानं मी मनगट धरलं, तरी थांबेना.

"आण्णा," वैजू हळूच म्हणाली, "हात हलतोय."

"हलू दे. तू बोल."

संध्याकाळी हर्षदचा फोन आला. तो खूश होता. म्हणाला, इतक्या लोकांनी पेजवर एखादं लाइव्ह शेवटपर्यंत कधी बघितलं नव्हतं. नाराज झालेल्यांना मी सावकाश उत्तरं देतो. वैजूताई वर बघतात, ते मी सरळ करून घेतो. "आणि काका, शेवटी तुमचा हात फार हललाय. काळजी करू नका, त्यालाही साधन आहे. ते काढून टाकतो, एकदम स्थिर दिसेल."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हर्षद अजूनही आमचं पेज बघतो आणि तो व्हिडिओ अजून पेजवर आहे, कुणीही बघू शकतो. त्यात वैजू फोनच्या जरा वर बघते, आणि शेवटाकडं सगळं हलतं, भिंत, गाऊन, तिचा चेहरा. कारण मी हर्षदला म्हणालो होतो,

"नको. हात हललेला राहू दे."